तीन-वीसची वायर आणि चार आणे

गेल्या वर्षी रोह्याच्या घराचं वायरिंग बदलायला काढलं. वायरमनकाकांनी चिठ्ठी दिली: १/१८, ३/२०, ७/२०. चिठ्ठी घेऊन पेणच्या दुकानात गेलो, तर खोक्यांवर छापलेलं १, १.५, २.५, ४ चौ. मिमी! दुकानदार काही न विचारता माल काढायला लागला. मला मात्र प्रश्न पडला, या दोन भाषांमधला हिशोब नक्की जुळतो का?

आधी तो अपूर्णांक. तो भागाकार नाहीच मुळी. ३/२० म्हणजे २० गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या. आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. उलटं का? कारण तार भोकातून ओढून ओढून बारीक करतात. जास्त वेळा ओढली की नंबर मोठा. म्हणजे हा आकडा मुळात जाडीचा नाही, मेहनतीचा.

पण ज्याची त्याची भोकं वेगळी! बर्मिंगहॅम गेज या एकाच नावाचे अनेक तक्ते वापरात होते. शेवटी ब्रिटिश सरकारने एक तक्ता कायद्याने ठरवला, तो १ मार्च १८८४ पासून लागू झाला. तोच स्टँडर्ड वायर गेज. १८ नंबर म्हणजे ०.०४८ इंच, २० नंबर म्हणजे ०.०३६ इंच. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि ते गेल्यावरही राहिला.

मेट्रिककडे आपण वळलो ते पन्नाशीच्या दशकात. १९५५ साली नाण्यांचा कायदा बदलला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण रोह्यातच गेलं. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, तरी 'चार आणे' तोंडातून गेलेले नाहीत. तीन-वीसचंही तसंच.

फरक एवढाच, की चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस पैसे. वायरचं तसं नाही. २० गेजची तार ०.९१४ मिमी व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ ०.६६ चौ. मिमी. अशा तीन म्हणजे १.९७. आता बाजारात १.५ आहे आणि २.५ आहे, १.९७ कुठेच नाही! ३/२० च्या जागी १.५ घेतली तर तांबं पाव भागाने कमी. दिव्यांना चालून जाईल, गिझरला नाही. १/१८ चे भरतात १.१७, ७/२० चे ४.६. तिथेही खोक्यावरचा आकडा तंतोतंत जुळत नाही.

त्यात अमेरिकन गेज वेगळाच. आपल्याकडचा १८ नंबर १.२२ मिमी, त्यांचा १.०२. नंबर तोच, पण तांबं जवळजवळ तीस टक्के कमी. ऑनलाईन वायर मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

थोडक्यात काय, जुना नंबर सरळ नव्यात बदलू नका. त्या लाईनवर काय चालणार आहे ते वायरमनला सांगा, लोड काढा आणि मगच चौ. मिमी ठरवा. दोन मापांच्या मध्ये अडकलात, तर वरचं घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण भिंतीच्या आत तापलेली वायर कोणालाच दिसत नसते.