रोजमेळ आणि दोन दारांचे दुकान

व्यापाराच्या भाषेत ‘मेळ’ हा शब्द जितका साधा, तितकाच कठोर आहे. गिऱ्हाईक ओसरल्यावर गल्ल्यातील रोकड मोजावी, ती कीर्दीतील जमा-नावेच्या नोंदींशी ताडून पाहावी, आणि पैचाही फरक निघाला तर तो सापडेपर्यंत दिवा मालवू नये, ही पेढीवरची शिस्त ज्याने पाहिली आहे त्याला रोजमेळ म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. ही रीत केवळ वाण्याउदम्यांची नव्हती. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आहेत, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे मराठी राज्यकारभाराच्या इतिहासाचे अव्वल साधन मानले जातात. दुकानातील गल्ला आणि त्याच दुकानाचे आंतरजालावरील दालन यांची सांगड घालण्याचा जो प्रश्न आज दुकानदारापुढे उभा आहे, तो या रोजमेळाचाच वंशज होय, असे माझे मत आहे. माल एक, दारे दोन, आणि प्रत्येक दाराशी वही निराळी, हे त्या अडचणीचे स्वरूप.

आपल्याकडे हे दुसरे दार टपालाने उघडले. १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी.ची पद्धत सुरू केली, आणि परगावच्या ग्राहकाकडून पोस्टमनाने किंमत वसूल करून पुडके त्याच्या हाती द्यावे व ती रक्कम विक्रेत्याकडे पोचती करावी, अशी सोय झाली. या सोयीने हिशेबात एक नवीनच अवस्था निर्माण केली. पुण्यामुंबईच्या पुस्तकविक्रेत्याने खेडेगावातील शिक्षकाला ग्रंथ व्ही. पी.ने धाडला, की तो फळीवरून तर गेला, परंतु त्याची किंमत गल्ल्यात आलेली नसे. त्याला विकलेला म्हणावे तर पैसा नाही, शिल्लक म्हणावे तर वस्तू नाही. त्यातच शिक्षकाची बदली झाली असली, किंवा महिनाअखेरीस त्याच्या हाती पैसा नसला, तर तोच ग्रंथ मळक्या वेष्टनात परत येई, आणि दरम्यान दुकानात येऊन तोच मागणाऱ्या ग्राहकाला ‘संपला’ असे सांगितलेले असे. वाटेवरच्या मालाची वेगळी वही राखणे, हाच त्यावर उपाय होता.

गल्ल्याच्या यंत्राचा इतिहास मात्र दूरच्या ओहायो प्रांतात घडला. डेटन शहरी जेम्स रिटी या मद्यगृहाच्या मालकाला नोकरांच्या हातून होणारी पैशांची गळती थांबवायची होती. युरोपच्या प्रवासात आगबोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याच्या पाहण्यात आले, आणि त्यावरून सुचलेल्या गल्लायंत्राचे पेटंट त्याने भावासह १८७९ साली मिळविले. परंतु हे यंत्र पैसा मोजी, माल मोजत नसे; किती डॉलर आले हे त्याला कळे, कोणती बाटली गेली हे कळत नसे. पुढील अनेक दशके दुकानाच्या हिशेबात जे अंधत्व राहिले त्याचे मूळ येथे आहे. टपालाने माल धाडणाऱ्या शिकागोच्या सिअर्स कंपनीने १९२५ साली आपल्या वखारीच्या आवारातच पहिले दुकान उघडले, तेव्हा एकाच घराण्याची दोन दारे शेजारी आली. तरी फळीवरची प्रत्येक वस्तू विकली जाताक्षणी ओळखणारे साधन कोणापाशीच नव्हते.

ते साधन मिळाले २६ जून १९७४ रोजी, डेटनपासून फार दूर नसलेल्या ट्रॉय या गावी. तेथील मार्श किराणा भांडारात रिग्ली कंपनीच्या च्युइंगमचे एक पाकीट काचेवरून फिरविले गेले, आणि त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा यंत्राने वाचल्या. संगणकांना जोडणाऱ्या तारांचे कौतुक सर्वजण करतात, पण माझ्या दृष्टीने थोर शोध या रेघांचा आहे. वस्तूला नाव मिळाल्यावाचून दोन वह्या तिच्याविषयी एकमेकींशी काय बोलणार? दहा वर्षांनी, १९८४ साली, इंग्लंडातील गेट्सहेड येथे एका वृद्ध महिलेने घरच्या दूरचित्रवाणीसंचावरून मार्जरिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागविली, आणि टेस्कोच्या दुकानातून ती घरपोच झाली.

आता पैठणीच्या दुकानात मोरपंखी रंगाचे एकच लुगडे उरले आहे, असे समजा. गल्ल्यावर त्याच्या रेघा वाचल्या जाताच सामाईक खात्यातून एक नग वजा होतो, आणि नागपूरच्या ग्राहकाला भ्रमणध्वनीवर ते दिसेनासे होते; उलट त्याने आधी पैसे भरले, तर दुकानातील नोकराला ते राखून ठेवण्याची सूचना मिळते. तारेचा संबंध तुटला, तर गल्ल्यावरील नोंदी तेथेच साचतात आणि जोडणी परत आल्यावर क्रमाने खात्यात चढतात. या मधल्या काळात एकच लुगडे दोघांना विकले जाण्याचा जुना धोका पुन्हा जिवंत होतो. परतीच्या मालाचेही तसेच. परगावी धाडलेले लुगडे ग्राहक काउंटरवर परत आणतो, तेव्हा ती नोंद कोणत्या दाराच्या नावे घालावी, हे आधी ठरविलेले नसेल तर रात्री मेळ बसत नाही. एवढे होऊनही वर्षातून एकदा दुकानाचे दार ओढून घेऊन, घड्या उलगडून, हाताने मोजदाद करावीच लागते. कारण उंदराने कुरतडलेल्या आणि कोणी काखेत मारून नेलेल्या लुगड्याची नोंद कोणतेही यंत्र करीत नाही.