वक्ररेषेची दोन टोके

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात एक कोडे आहे. ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा. कोडे आजच्या भाषेत मांडले तर असे: एका संख्येचा चतुर्घात करा, त्यातून त्या संख्येच्या वर्गाची दुप्पट वजा करा, मग त्या संख्येची चारशेपट वजा करा, बाकी ९,९९९ उरते. तर ती संख्या कोणती?

गणिताचे नाव निघताच वाचकांनी पान उलटू नये. फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या मंडळींत सातवी-आठवीतले एखादे पोर असेलच. त्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि आपण नुसते ऐकावे. भास्कराचार्यांनी समीकरणाच्या दोन्ही बाजूंत एकच राशी अशा बेताने मिळविली की दोन्ही बाजू पूर्ण वर्ग झाल्या. मग वर्गमुळे काढली आणि उत्तर आले ११. पडताळा पाहा: अकराचा चतुर्घात १४,६४१, त्यातून २४२ गेले, ४,४०० गेले, उरले बरोबर ९,९९९. इतक्या अवघड समीकरणाची गाठ इतक्या सहज सुटावी, यातच आचार्यांची थोरवी आहे.

परंतु याच समीकरणाचे आणखी एक उत्तर शून्याच्या डाव्या अंगाला मुकाट बसलेले आहे. ते तेथे असलेच पाहिजे, हे कळण्यास आचार्यांची प्रतिभा लागत नाही. वक्ररेषेची दोन टोके कोणीकडे जातात, एवढे पाहिले की पुरे. ही साधी गोष्ट माणसाला दिसण्यास काही शतके लागली, आणि दिसल्यावर ती सिद्ध करण्यास आणखी शंभर वर्षे. त्याचीच ही कथा.

प्रथम चित्र डोळ्यांपुढे आणू. एक आडवी रेषा घ्या. मध्ये शून्य, उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण. अज्ञात संख्येला क्ष म्हणू. क्षचा चतुर्घात, वजा दोन क्षवर्ग, वजा चारशे क्ष, वजा ९,९९९ अशी ही चार पदांची बहुपदी. क्षला एकेक किंमत द्यावी, बहुपदीचे जे मूल्य येईल तितक्या उंचीवर टिंब द्यावे, उणे आले तर रेषेच्या खाली द्यावे, आणि टिंबे जोडावीत. हा झाला आलेख. तो जेथे आडव्या रेषेला छेदतो तेथे आपले उत्तर.

आता या चार पदांच्या घरात कोणाचे चालते ते पाहा. क्ष १ असताना चतुर्घात बिचारा १ असतो. त्याचा आवाज कोणी ऐकत नाही, ९,९९९ चेच राज्य असते आणि बहुपदीचे मूल्य येते उणे १०,४००. क्ष १० केला तरी मूल्य उणे ४,१९९. अकराला शून्य. पण क्ष १०० करून पाहा. चतुर्घात होतो दहा कोटी. बाकीची तिन्ही पदे मिळून वजा करतात अवघे ६९,९९९. रुपयामागे एक पैसासुद्धा नव्हे! मूल्य ९,९९,३०,००१. क्ष हजार केला तर धाकट्या पदांची दखलही घ्यावयास नको. जवळ सगळे बोलतात. दूर गेल्यावर थोरल्या घाताचेच चालते.

मग डावीकडे काय होईल? ऋण संख्येचा चतुर्घात धनच असतो. उणे १०० घेतले तर मूल्य १०,००,१०,००१, म्हणजे पुन्हा दहा कोटींच्या घरात. तेव्हा आलेखाची दोन्ही टोके वर जातात, आणि मध्ये, शून्यापाशी, तो ९,९९९ इतका खोल बुडालेला आहे. उजवीकडे वर येताना त्याने अकरापाशी रेषा ओलांडली. डावीकडेही तो वरच आहे. मग तेथेही त्याने कोठेतरी रेषा ओलांडलीच असणार. उणे ८ ला मूल्य उणे २,८३१ येते, उणे १० ला अधिक ३,८०१. दोहोंच्या मध्ये पाहा: उणे ९ चा चतुर्घात ६,५६१, त्यातून १६२ गेले, चारशेपट उणे असल्याने ती वजा करताना ३,६०० मिळाले, बेरीज ९,९९९. हेच ते दुसरे उत्तर.

भास्कराचार्यांना ऋण संख्या माहीत नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. त्यांचे नियम ते उत्तम जाणत होते, आणि धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात हेही त्यांनी सांगितले आहे. प्रश्न ऋण उत्तर मान्य करण्याचा होता. त्यांचेच वानरांचे उदाहरण घ्या. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्यांचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली; एक फांदीवर दिसले; तर टोळी केवढी? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पण पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करावयाचे? उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? म्हणून आचार्यांनी पाच हे उत्तर अयोग्य ठरविले. लोकांना ते पटत नाही, हे कारण दिले. वानरांच्या बाबतीत ते योग्यच होते. परंतु याच वृत्तीमुळे आलेखाचे डावे अंग गणिताच्या नजरेबाहेर राहिले.

ही गोष्ट एकट्या भारताची नव्हे. रुबायांमुळे आपल्या परिचयाचा झालेला उमर खय्याम हा भास्कराचार्यांच्या आधीच्या पिढ्यांतला एक मोठा गणिती. त्याने शांकव वक्रांच्या छेदांवरून घन समीकरणे सोडविली. पण ऋण सहगुणक चालत नसल्याने त्याला अशा समीकरणांचे चौदा प्रकार करावे लागले. इटलीत कार्दानोने १५४५ साली 'आर्स माग्ना' प्रसिद्ध केला, त्यातही घन समीकरणांचे तेरा प्रकार तेरा अध्यायांत मांडले आहेत. ऋण उत्तरांना तो बनावट म्हणे. १६३७ साली देकार्तने भूमिती आणि बीजगणित यांचे लग्न लावून दिले, तरी ऋण मुळांना त्याने खोटी मुळे हेच नाव ठेवले. ज्या रेषेचे एक अंग खोटे मानले, तिच्या दोन्ही टोकांकडे कोण पाहणार?

ते पाहिले न्यूटनने. घन वक्ररेषांवरचा त्याचा प्रबंध १७०४ साली 'ऑप्टिक्स' या ग्रंथाला जोडून छापला गेला. त्यात त्याने या वक्रांच्या ७२ जाती मोजल्या, आणि त्यांची वर्गवारी करताना अनंताकडे जाणाऱ्या शाखांना प्राधान्य दिले. अक्षाच्या दोन्ही अंगांना तो बिनदिक्कत वावरतो. मनुष्याची ओळख त्याच्या चालीवरून पटावी तशी वक्राची ओळख तो कोणत्या दिशेने निघून जातो त्यावरून पटते, हे येथे प्रथम ठसठशीत झाले.

यानंतर नियम सोपा झाला. सर्वांत मोठा घात सम असेल तर दोन्ही टोके एकाच दिशेला, विषम असेल तर विरुद्ध दिशांना. त्या पदाचा सहगुणक धन असेल तर उजवे टोक वर, ऋण असेल तर खाली. मधल्या पदांनी कितीही गोंधळ घातला तरी टोकांचा निकाल बदलत नाही. ऑयलरने बर्लिन अकादमीसाठी लिहिलेल्या आणि १७५१ साली छापलेल्या निबंधात यावरून दोन गोष्टी काढल्या. विषम घाताच्या समीकरणाला निदान एक वास्तव मूळ असतेच. कारण एक टोक खाली, एक वर. आणि सम घाताच्या समीकरणातले शेवटचे सुटे पद ऋण असेल तर निदान दोन मुळे असतात, एक धन व एक ऋण. भास्कराचार्यांचे समीकरण याच दुसऱ्या जातीचे. ११ आणि उणे ९ ही जोडी ऑयलरच्या नियमात नेमकी बसते.

टोके किती सांगतात आणि किती सांगत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ती निदान सांगतात, पुरती मोजदाद सांगत नाहीत. क्षवर्ग अधिक एक या बहुपदीची दोन्ही टोके वरच असतात, पण ती आडव्या रेषेला शिवतही नाही. मध्ये किती वळणे आहेत, ते मध्ये जाऊनच पाहावे लागते.

पुढचा मोठा प्रश्न असा होता की प्रत्येक बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती असे वास्तव तुकडे पडतात काय? १७०२ साली लायब्निट्ससारख्या पंडिताला ते नेहमी शक्य नाही असे वाटले होते. १७९९ साली बावीस वर्षांच्या गाउसने हेल्मश्टेट विद्यापीठाच्या पदवीसाठी जो प्रबंध दिला, त्यात त्याने ते शक्य असल्याचे दाखविले. आणि त्याचे हत्यारही तेच होते. गाउसने रेषेऐवजी सगळे पृष्ठ घेतले आणि त्यावर एक प्रचंड वर्तुळ कल्पिले. इतक्या दूर थोरल्या घाताचेच चालत असल्यामुळे बहुपदीतून निघणाऱ्या दोन जातींच्या वक्ररेषा त्या वर्तुळाला आळीपाळीने, ठराविक क्रमाने छेदतात. आत शिरलेली शाखा बाहेर पडलीच पाहिजे, म्हणून दोन जातींच्या शाखा आत कोठेतरी एकमेकींना भेटणारच. आणि जेथे त्या भेटतात तेथे मूळ. आपले कोडेही तसेच फुटते: क्ष वजा ११, क्ष अधिक ९, आणि क्षवर्ग अधिक दोन क्ष अधिक १०१. तिसरा तुकडा रेषेच्या वरच राहतो, म्हणून वास्तव उत्तरे दोनच.

आता वाचकांतील चिकित्सक विचारील: खालून वर जाणारी रेषा मधली आडवी रेषा ओलांडणारच, याला पुरावा काय? उंबरठा न ओलांडता कोणी घरात येतो काय, असे म्हणून शंभर वर्षे सर्वांनी तो प्रश्न सोडून दिला होता. प्राग येथे धर्मशास्त्र शिकविणारा बोल्झानो नावाचा पाद्री मात्र तेथेच अडला. त्याची शंका पोकळ नव्हती. समजा, जगात केवळ अपूर्णांकच आहेत. क्षवर्ग वजा दोन हे मूल्य क्ष एक असता उणे एक आणि क्ष दोन असता अधिक दोन. पण ज्याचा वर्ग नेमका दोन होतो असा अपूर्णांकच नाही. म्हणजे वक्ररेषा रेषेतल्या छिद्रातून निसटून जाईल! टोके विरुद्ध आहेत एवढ्याने भागत नाही. संख्यांची रेषा अखंड असावी लागते आणि मूल्य उडी न मारता बदलावे लागते. १८१७ साली बोल्झानोने चित्राचा आधार न घेता याची सिद्धता छापली. १८२१ साली पॅरिसमध्ये कोशीनेही आपल्या ग्रंथात ती दिली आणि ती जगभर गेली.

बोल्झानोचे नशीब निराळे होते. युद्ध आणि सामाजिक उच्चनीचता यांविषयीची त्याची मते राज्यकर्त्यांना रुचली नाहीत, आणि १८१९ साली बादशाही हुकुमाने त्याची प्राध्यापकी गेली. सर्वांना उघड वाटते त्याचाच पुरावा मागणारा माणूस राजदरबारी फार काळ सुखाने नांदत नाही. १८४८ साली तो वारला. त्याच्या गणिताची खरी कदर पुढे झाली. गाउसच्या प्रबंधात शाखा बाहेर पडलीच पाहिजे हे जे गृहीत धरले होते, त्याची उणीवसुद्धा १९२० साली ओस्त्रोव्स्कीने भरून काढली. उघड गोष्ट सिद्ध होण्यास १२१ वर्षे!

आमच्या चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापिला, त्याची ती नोंद. ग्रंथ टिकले, कोडे टिकले, आणि आचार्यांचे अकरा हे उत्तर आजही तितकेच खरे आहे. उणे नऊही तेव्हा तितकेच खरे होते. रेषेच्या दुसऱ्या टोकाकडे कोणी पाहावयाचे तेवढे राहिले होते. पेन्सिल घेऊन बसलेल्या पोराला एवढेच सांगावे: एका बाजूला उत्तर सापडले म्हणून वही मिटू नकोस, दुसरे टोक कोठे जाते तेही पाहा.