रविवारची रात्र, दोनचा ठोका

ज्याची ही हकिगत आहे तो कोणी एक माणूस नव्हे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या घराघरांत भेटतो तसा, अनेकांचा मिळून मी उभा केलेला गृहस्थ आहे. पन्नाशी ओलांडलेली, रक्तदाबाची गोळी चालू, उजव्या पायाच्या अंगठ्याला गाऊटचे दोन झटके येऊन गेलेले. तिसरा यायला अजून अवकाश आहे.

शुक्रवार, संध्याकाळी ७. पंचावन्न तास आधी

स्टेशनाबाहेरच्या मेडिकलमध्ये तो पुतण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाखवतो. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, सालईचा अर्क, थोडं क जीवनसत्त्व. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "घ्या काका, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही." बाटली पिशवीत पडते.

घरी कपाटात मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे. तिच्यावर ॲलोप्युरिनॉल लिहिलेलं. अंगठा बरा झाला आणि महिन्याभरात गोळी सुटली. आयुष्यभर गोळ्या कोण खाणार, असं तेव्हा त्याचं म्हणणं होतं. ही बाटली मात्र कायम चालू ठेवायची त्याची तयारी आहे.

गफलत 'सांधेदुखी' या एका शब्दाखाली दोन आजार घातल्यामुळे होते. गुडघ्याची झीज वेगळी, गाऊट वेगळा. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात आणि ते विकलं जातं झिजेसाठी. तिथंही त्याची परीक्षा झाली आहे. अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. सगळे रुग्ण मिळून पाहिलं, तर ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाहीत. गाऊटचं मूळ तर कूर्चेत नसतंच, ते रक्तातल्या युरिक ॲसिडमध्ये असतं. त्याला ही कॅप्सूल हात लावत नाही.

शनिवार, रात्री ९. एकोणतीस तास आधी

जेवणात डाळ नाही. "अहो, तूरडाळ नको तुम्हाला, ताकही आंबट," असं म्हणत बायकोनं वर्षभर पथ्य सांभाळलं आहे. पालक बंद, टोमॅटो बंद. माउलीचे कष्ट खरे, पण शत्रू चुकीचा निवडलेला. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहारावर बारा वर्षं लक्ष ठेवून २००४ साली जे निष्कर्ष छापले गेले, त्यांत मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. प्युरीन भरपूर असलेल्या भाज्यांनी धोका वाढला नाही आणि कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्यानं तो उलट घटला. म्हणजे ताटातून नेमकं ताक उचललं गेलं आणि बिअर फ्रिजमध्ये राहिली. हे पथ्य मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता वादही घालत नाही.

रविवार, दुपारी १. तेरा तास आधी

आषाढातला शेवटचा रविवार. कॅलेंडरवर दीप अमावस्या दोन दिवसांवर, घरोघरी मात्र गटारी आजच. मटण, वेगळी परतलेली कलेजी, कुरकुरीत मांदेली. कलेजी आणि मांदेली दोन्ही प्युरीननं भरलेली. त्याचं शरीरात शेवटी युरिक ॲसिड होतं. माणसाकडे ते पुढं मोडणारं एन्झाइमच नाही, ते आपल्या वानर पूर्वजांनी लाखो वर्षांपूर्वी गमावलं. कुत्र्यामांजरांकडे ते आहे.

बिअर दोन बाजूंनी मारते. तिच्यात स्वतःचं प्युरीन असतं. शिवाय दारू पचताना रक्तात लॅक्टेट वाढतं आणि मूत्रपिंड युरिक ॲसिड बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. सकाळी घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं थायाझाइड आहे, तेही याच बाजूला वजन टाकतं. (म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. डॉक्टरला विचारायचं, दुसरी मिळते.)

"घे रे, तुझी ती कॅप्सूल चालू आहे ना?" असं म्हणत मेहुणा तिसरा ग्लास भरतो.

रविवार, दुपारी ४. दहा तास आधी

झोप. घाम. पाणी जवळजवळ नाहीच.

रविवार, रात्री ११. तीन तास आधी

जेवणानंतरची कॅप्सूल घेऊन तो आडवा होतो. पंखा पाचवर, पाय चादरीबाहेर.

महिन्यापूर्वीच्या तपासणीत युरिक ॲसिड ९.१ होतं. ३७ अंशाला ते साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच विरघळून राहतं. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, अंगाच्या मानानं गार. ३० अंशाला हीच मर्यादा साडेचारच्या आसपास येते. पाक गार होताना साखर तळाशी खडा धरते, तसं सांध्यात होतं. तिथं वर्षानुवर्षं सुईसारखे स्फटिक साचत आलेले आहेत. आजच्या जेवणानं ते निर्माण केले नाहीत, फक्त डिवचले.

रात्र त्यांना सोयीची. बोस्टनच्या संशोधकांनी ७२४ रुग्णांच्या झटक्यांच्या वेळा तपासून २०१५ साली दाखवलं की मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात धोका दिवसाच्या सुमारे २.४ पट असतो. अंगाचं तापमान उतरतं, पाणी कमी पडतं, सूज आवरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं.

सोमवार, रात्री १. एक तास आधी

तो घोरतो आहे. सांध्यात पांढऱ्या पेशींनी स्फटिक गिळायला घेतले आहेत. पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा असते, इन्फ्लमासोम. युरेटचे स्फटिक तीच चेतवतात, हे स्वित्झर्लंडमध्ये युर्ग चॉप यांच्या गटानं २००६ साली दाखवलं. त्यातून इंटरल्युकिन-१ सुटतं, नव्या पेशींच्या झुंडी धावत येतात, त्याही गिळतात, फुटतात, आणखी झुंडी बोलावतात.

सोमवार, रात्री २

"आई गं!"

लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम स्वतः गाऊटचे जुने रुग्ण होते. १६८३ साली त्यांनी या झटक्याचं वर्णन केलं, त्यातही माणूस धडधाकट झोपी जातो आणि रात्री दोनच्या सुमारास अंगठ्याच्या कळेनं उठतो. पांघरुणाचा भारसुद्धा सोसवत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

अंगठा लालबुंद, तकतकीत. बायको बाम चोळायला घेते, तो ओरडतो. चोळण्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ बरा, पण ते सुचत नाही. तो आणखी दोन कॅप्सूल गिळतो. मग कपाटातलं ॲलोप्युरिनॉलचं जुनं पाकीट शोधून तीन गोळ्या एकदम घेतो. ती वेदनाशामक नाही. अंगठ्याला आज तिचा काही उपयोग नाही, आणि एकदम मोठा डोस घेऊन तो मोकळा झाला आहे.

सोमवार, सकाळी ९. सात तासांनंतर

दवाखान्यात कोल्चिसिन मिळतं, कमी मात्रेत. हे औषध आपल्याकडच्या कळलावीतही असतं. म्हणून कोणी कळलावीचा कंद उगाळून द्यायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं, कंद जीवघेणा विषारी आहे. कोल्चिसिनची गोळीसुद्धा मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टर जपूनच देतात.

सोमवार, दुपारी ४. चौदा तासांनंतर

रक्ताचा रिपोर्ट येतो: युरिक ॲसिड ६.४. छापील मर्यादेत. पुतण्याचा फोन: "काका, बघा, कॅप्सूल लागू पडली!" खरं कारण वेगळं आहे. झटक्याच्या ऐन भरात रक्तातलं युरिक ॲसिड पुष्कळदा खाली आलेलं दिसतं. या एका आकड्यामुळे किती जण पुन्हा औषध सोडतात!

डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतात. दुखणं उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून, आकडा सहाच्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवत, आणि उतरतानाही झटके येतात म्हणून पहिले तीन ते सहा महिने जोडीला थोडं कोल्चिसिन. अंगावर पुरळ उठलं तर गोळी तिथंच थांबवून लगेच दाखवायला यायचं.

"आणि ती बाटली?" तो विचारतो.

"गुडघ्यासाठी घ्यायची असली तर घ्या. पैसे तुमचे," डॉक्टर म्हणतात. "पण वहिनी, उद्यापासून ताक सुरू करा."