देहूची वही कोणी उसनी नेली?

संध्याकाळी सहाला तळवड्याच्या चौकात अडकलात की दोनच गोष्टी करता येतात. हॉर्न वाजवायचा, नाहीतर पॉडकास्ट लावायचा. तुम्ही दुसरी निवडलीय, तर ट्रॅफिक सुटेपर्यंत ऐका. कारण आजची गोष्ट त्या चौकापासून जेमतेम काही किलोमीटरवर सुरू होते.

देहूच्या विठ्ठल-रखुमाईच्या देवळात एक जुनी हस्तलिखित वही आहे. ती खुद्द तुकाराम महाराजांच्या अक्षरातली, असं सांगितलं जातं. इंद्रायणीत बुडवायला लावलेल्या आणि तेरा दिवसांनी वर आलेल्या वह्यांपैकी ती एक, अशी श्रद्धा आहे. चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आज त्याच्या पुढचं सांगायचंय.

कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. त्या पुस्तकाचं नाव 'सेज तुका', साल १९९१. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक नोंद केलीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देहूच्या त्या वहीत सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद होती. चित्र्यांच्या वेळी उरले होते सुमारे २५०. मग बाकीचे कुठे गेले? चित्र्यांचा अंदाज असा, की अभ्यासाला म्हणून भोळ्या विश्वस्तांकडून वही उसनी नेणाऱ्या संशोधकांनीच हा उद्योग केला असावा.

म्हणजे बघा, नदीनं परत दिलेली वही माणसांनी अर्धीमुर्धी परत दिली. हे वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

तर आजचा विषय आहे पुस्तकांची उसनवारी. शेजाऱ्याकडून 'मृत्युंजय' आणून तीन वर्षं कपाटात ठेवणं, ती उसनवारी नव्हे. एका ग्रंथालयानं दुसऱ्या ग्रंथालयाकडून आपल्या वाचकासाठी पुस्तक आणायचं, ती. ग्रंथालयशास्त्रात याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. सगळे म्हणतात इंटरलायब्ररी लोन. नाव ऐकून झोप येते, मान्य. पण एक ग्रंथालय दुसऱ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवतं, हा प्रश्न देहूच्या वहीइतकाच जुना आहे.

आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण घेऊ. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहणारे चौदा टाळकरी होते, असं वारकरी परंपरा सांगते. त्यातले संताजी जगनाडे चाकणचे, व्यवसायानं तेली. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तळेगाव-चाकण रस्त्यानं कंपनीत जाणाऱ्यांनी तो फाटा रोज पाहिलेला असतो. दुसरे गंगाराम मवाळ, राजगुरुनगरजवळच्या कडूसचे. हे दोघे अभंग लिहून घ्यायचे, असं मानतात. म्हणजे एकच मजकूर, पण तो देहूला, चाकणला आणि कडूसला वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला. आमच्या भाषेत याला रेप्लिकेशन म्हणतात. एक सर्व्हर बंद पडला तरी डेटा जात नाही. फक्त इथे सर्व्हर म्हणजे देवघरातलं लाल फडकं.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारनं स्वतःच्या खर्चानं तुकारामाची गाथा छापायचं ठरवलं. काम दिलं विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांना. छपाई इंदुप्रकाश छापखान्यात झाली, दोन भाग १८६९ आणि १८७३ साली आले, अभंग साडेचार हजारांच्या वर. संपादकांनी चार ठिकाणच्या वह्या ताडून पाहिल्या: देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर. नकाशावर बघा. पंढरपूर सोडलं तर बाकी तीन गावं आज एमआयडीसीच्या ट्रेलरच्या रांगेत येतात. मराठीतल्या एका मोठ्या छापील पुस्तकाचा कच्चा माल आपल्या या पट्ट्यातून गेलाय. गाडीचे पार्ट सोडून आपल्याकडून आणखी काही जातं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

संताजींच्या वहीचं पुढे काय झालं? तिच्यावरून विनायक लक्ष्मण भावे यांनी 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' दोन भागांत छापला, १९१९-२० च्या सुमारास. हे भावे म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, आणि १८९३ साली ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू करण्यात पुढाकार घेणारेही तेच. मराठी पुस्तकं एका छपराखाली जमवायची हा ध्यास असलेल्या माणसाच्या हातात चाकणच्या तेल्याची वही आली आणि ती छापून सगळ्यांची झाली, हे मला फार आवडतं.

आणि देहूच्या वहीबद्दलही एक बरी बातमी चित्र्यांनीच दिलीय. तिची एक नक्कल पंढरपुरात आहे. मूळ वहीची पानं गेली, नक्कल राहिली.

इथून आपण पुण्याला जाऊ. विधी महाविद्यालय रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, स्थापना १९१७. तिथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. देशभर महाभारताची हस्तलिखितं, प्रत्येकात काहीतरी वेगळं. सगळी ताडून पाहायची आणि जुन्यात जुना पाठ ठरवायचा. काम संपलं १९६६ साली. ४७ वर्षं! आमच्याकडे दोन वर्षं चाललेल्या प्रोजेक्टला लोक 'लेगसी' म्हणतात.

त्यासाठी १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. ती एका गावात थोडीच होती? बडोदा, तंजावर, अड्यार, म्हैसूर, ढाका, लंडनचं इंडिया ऑफिस. लिप्या तरी किती: शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, नेवारी. सगळं पुण्याला मागवणं शक्य नव्हतं. ग्रंथ लिपी भराभर वाचणारा माणूस पुण्यात कुठून आणायचा? मग एक केंद्र तंजावरला, एक शांतिनिकेतनला. पोथी जिथे आहे तिथेच वाचायची आणि फक्त फरक पुण्याला पाठवायचे.

फरक कसे पाठवायचे, तर त्याची पद्धत विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलीय. ते १९२५ पासून प्रमुख संपादक होते. उभ्या-आडव्या रेघा मारलेला फुलस्केप कागद घ्यायचा. सगळ्यात वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक लिहायचा, एका चौकोनात एक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. त्या पोथीत जिथे वेगळं अक्षर असेल, फक्त त्या चौकोनात ते लिहायचं.

मी हे वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो. अहो, हे तर गिट डिफ आहे! शंभर वर्षांपूर्वी, पेन्सिलीनं. मूळ फाइल हलवू नका, बदल तेवढे पाठवा. देहूला जी चूक झाली ती टाळायचा रस्ता या लोकांनी कागदाच्या रेघांमध्ये शोधला होता. पोथीही सुरक्षित, मजकूरही पोचला.

मधला एक टप्पा पटकन सांगतो, नाहीतर बडोदेकर श्रोते रागावतील. सयाजीराव गायकवाड, आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले, त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. बडोदा संस्थानात फिरती वाचनालयं निघाली. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, पेटी गावात जायची, वाचून झाली की पुढे. हीच पेटी २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'मध्ये विनायक रानडे फिरवतायत, आणि ती दुबईपर्यंत गेलीय. त्यावर वेगळा भाग करू.

आता आपल्या धंद्याचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं देशातली विद्यापीठ ग्रंथालयं जोडायचा कार्यक्रम सुरू केला, इन्फ्लिबनेट. तो सुरुवातीला पुण्याच्या आयुकाच्या पंखाखाली होता. हो, तारे आणि कृष्णविवरं यांचा अभ्यास करणाऱ्या आयुकाच्या. १९९६ ला तो स्वतंत्र झाला, गुजरातेत. १९९२ मध्ये पुणे विद्यापीठ, सी-डॅक आणि एनसीएल यांनी मिळून पुणेनेट काढलं. त्याच वर्षी मुंबईत बोनेट. कल्पना साधी. सगळ्यांच्या पुस्तकांची एक संयुक्त यादी करायची, म्हणजे कोणतं पुस्तक, कोणतं जर्नल कुठे आहे ते कळेल आणि मागवता येईल. लक्षात घ्या, सर्वसामान्य माणसाला भारतात इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या तीन वर्षं आधी पुण्यातले ग्रंथपाल नेटवर्कच्या गोष्टी करत होते.

पण यात एक मेख होती. हे सगळं संशोधन संस्था आणि विद्यापीठांसाठी. तुमच्या-माझ्या वॉर्डातलं वाचनालय त्यात नव्हतं. आणि मराठी पुस्तक यादीत रोमन लिपीत घालायचं म्हटलं की 'गाथा' एकजण एका स्पेलिंगनं लिहिणार, दुसरा दुसऱ्या. शोधणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो समजतो पुस्तकच नाही.

वॉर्डातल्या वाचनालयांचा कायदा वेगळा. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये फैजी समिती नेमली होती. तिनं मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका ते गावापर्यंत उतरंड सुचवली. कोल्हापूर संस्थानानं १९४५ लाच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. त्यातून हजारो वाचनालयांना अनुदान मिळालं, वर्ग ठरले अ, ब, क, ड. हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण वर्ग कशावर ठरतो? तुमच्याकडे पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, यावर. आपलं पुस्तक दुसऱ्या वाचनालयाला दिलं, तर माझ्या मते त्यात ग्रंथपालाच्या पदरात काहीच पडत नाही. हरवलं तर मात्र एक कमी. मग ती बाई कशाला देईल?

अलीकडची गोष्ट म्हणजे वन नेशन वन सबस्क्रिप्शन. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २५ नोव्हेंबर २०२४, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. फायदा सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना. चांगलंच आहे. पण आपल्याकडे आकुर्डीपासून तळेगावपर्यंत पाटी दिसते ती बहुतेक खासगी कॉलेजची. चाकणला शिफ्टमध्ये काम करून रात्री डिप्लोमाचा अभ्यास करणाऱ्या पोराला यातून काय मिळणार? आणि त्या १३,००० मध्ये देहूची वही नाहीच.

याच भागासाठी मला एक जुनं पुस्तक हवं होतं, आता छापलं न जाणारं. लेखक जाऊन ६० वर्षं कधीच उलटलीत, म्हणजे कॉपीराइटही संपलाय. पुण्यातल्या एका ग्रंथालयात ते आहे, पण बाहेर न्यायचं नाही आणि वेळ आमच्या ऑफिसची. मी आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या मॅडमना विचारलं, "दुसऱ्या लायब्ररीतून मागवून द्याल का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "दादा, आणलं आणि तुम्ही पान फाडलं, तर भरून कोण देणार?"

मला देहू आठवलं. काय उत्तर देणार? मी म्हटलं, "मॅडम, पुस्तक नको. सात पानं हवीत फक्त." आणि वहीतून पान फाडून त्यावर पानांचे नंबर लिहून दिले.

"कोर्सला माझ्याबरोबर होती एक, ती तिथे असते," त्या म्हणाल्या. "विचारते. शब्द नाही देत."

तिसऱ्या दिवशी रात्री नऊ चाळीसला व्हॉट्सॲपवर सात फोटो आले. मॅडमकडून, त्यांना मैत्रिणीकडून. पाचवं पान जरा हललेलं आहे आणि सगळ्या फोटोंच्या डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा दिसतो. खाली मॅडमचा मेसेज: "वाचता येतंय का? नसेल तर ५ नंबरचं उद्या परत काढायला सांगते."