प्राणवायू की ऑक्सिजन? लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतून जलतरण तलावापर्यंत

१. एका श्वासावर माणूस पाण्यात किती वेळ राहू शकतो, या प्रश्नावर आज जागतिक स्पर्धा होतात. समुद्राऐवजी बंदिस्त जलतरण तलावात होणाऱ्या प्रकाराला इनडोअर फ्रीडायव्हिंग म्हणतात. पाठीवर सिलिंडर नसतो, तोंडात नळी नसते. पाण्यात जाण्यापूर्वी घेतलेला शेवटचा श्वास हीच सारी शिदोरी. आजचा धागा या खेळाच्या तयारीवर आणि त्या तयारीमागे दडलेल्या पुणे जिल्ह्यातील एका इतिहासावर.

२. आधी खेळ समजून घेऊ. स्टॅटिक प्रकारात खेळाडू चेहरा पाण्यात ठेवून निश्चल तरंगतो आणि वेळ मोजली जाते. डायनॅमिक प्रकारात पाण्याखालून आडवे अंतर कापायचे असते, पायात फिन घालून किंवा न घालता. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयडा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने केवळ तलावातील प्रकारांसाठी वैयक्तिक जागतिक स्पर्धा २००७ मध्ये स्लोव्हेनियातील मारिबोर येथे भरवली.

३. आकडे थक्क करणारे आहेत. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूने २००९ मध्ये ११ मिनिटे ३५ सेकंद श्वास रोखला. रशियाच्या नतालिया मोलचानोवाने २०१३ मध्ये बेलग्रेड येथे ९ मिनिटे २ सेकंदांची नोंद केली. २०१६ मध्ये फिनलंडमधील तुर्कू येथे पोलंडचा मातेउश मलिना आणि ग्रीसचा योर्गोस पानागियोताकिस या दोघांनी फिन घालून प्रत्येकी ३०० मीटर अंतर एका श्वासात कापले.

४. पुण्यातील एखाद्या तरुणाने वा तरुणीने या स्पर्धेची तयारी करायचे ठरवले, तर पहिला सल्ला बहुधा घरातूनच मिळेल : ‘प्राणायाम कर, शरीरात भरपूर प्राणवायू साठेल.’ या सल्ल्याचा पूर्वार्ध उपयोगाचा आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे आणि पाण्यात तो जिवावर बेतू शकतो. ही चूक लोणावळ्यात सुमारे ९० वर्षांपूर्वीच मोजमाप करून दाखवली गेली होती.

५. गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. हठयोगाच्या परंपरेत शरीरात प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे पाच मुख्य वायू मानले आहेत. हे वायू म्हणजे देहाचे व्यापार चालवणाऱ्या शक्ती. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे जे विस्तृत वर्णन येते, तेही याच परिभाषेत. पुढे साधारण पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेतही प्राणाचा अर्थ हाच आहे.

६. ऑक्सिजन ही गोष्ट फार नंतरची. जोसेफ प्रिस्टले या इंग्रज संशोधकाने तो वायू १७७४ मध्ये वेगळा केला आणि फ्रान्समध्ये लाव्हाझिएने त्याला नाव दिले. आधुनिक विज्ञान मराठीत येऊ लागले, तेव्हा या मूलद्रव्यासाठी ‘प्राणवायू’ हा आयता शब्द रूढ झाला. शब्द सुंदरच आहे. परंतु त्यामुळे एक आभास निर्माण झाला : प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा आयाम, म्हणजेच ऑक्सिजनची साठवण. म्हणून या धाग्यात पुढे ‘ऑक्सिजन’ हाच शब्द वापरू.

७. हा आभास केवळ आपल्याकडचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत दीर्घ श्वसनाची लाट आली होती. विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा अमेरिकन लेखक ‘योगी रामचरक’ या नावाने श्वसनशास्त्रावर पुस्तके लिहीत होता आणि त्यांत प्राण व ऑक्सिजन यांची सांगड घालत होता. अशा काळात एका मराठी माणसाने ठरवले, की मोजल्याशिवाय काही बोलायचे नाही.

८. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३, गुजरातमधील डभोई येथे. मॅट्रिकला संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा विद्यार्थी. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे शारीरिक शिक्षण, नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडे योगाभ्यास आणि पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद, असा त्यांचा प्रवास. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले.

९. त्यांचे पहिले प्रयोग बडोद्याच्या रुग्णालयात १९२० च्या सुमारास झाले. विषय होता उड्डियान आणि नौली. श्वास बाहेर टाकून पोट आत ओढले, की उदरपोकळीत नेमके काय घडते? क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी दाखवले, की नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो. बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर कसे खेचले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास व्हॅक्युम’ असे नाव दिले.

१०. १९३० च्या दशकात त्यांनी प्राणायामाकडे मोर्चा वळवला. प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, याची मोजमापे ‘योगमीमांसे’तून प्रसिद्ध झाली. त्यांचा निष्कर्ष प्रचलित समजुतीला छेद देणारा होता : प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही. योगाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाने योगाच्या बाजूची एक लोकप्रिय समजूत स्वतःच्या प्रयोगशाळेत खोडून काढली. माझ्या मते हा त्यांच्या कार्यातील सर्वांत धीट क्षण आहे.

११. हा निष्कर्ष आजच्या शरीरशास्त्राशी जुळतो. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही त्याच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? जोरजोराने श्वास घेतल्याने रक्तातील ऑक्सिजन नगण्य वाढतो. मात्र कार्बन डायऑक्साइड झपाट्याने घटतो, आणि खरा धोका तेथे सुरू होतो.

१२. कारण ‘आता श्वास घेतलाच पाहिजे’ ही तगमग मुख्यतः ऑक्सिजन संपल्याने होत नाही, ती कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. श्वसनाचे नियमन हा वायू करतो, हे जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी जॉन गिलीज प्रिस्टले यांनी १९०५ मध्ये सिद्ध केले. (हे प्रिस्टले अर्थातच वर उल्लेखलेल्या प्रिस्टलेंहून वेगळे.)

१३. आता पाण्यात उतरण्यापूर्वी कोणी भराभर श्वासोच्छ्वास केला, तर काय होईल? कार्बन डायऑक्साइड घटलेला असल्याने तगमग उशिरा जाणवेल. खेळाडूला वाटेल, आज दम फार टिकतो आहे. दरम्यान ऑक्सिजन मात्र नेहमीच्या गतीने संपत राहील. धोक्याची घंटा वाजण्यापूर्वीच शुद्ध हरपेल, तीही कसलीही वेदना न होता. अल्बर्ट क्रेग या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये पाण्याखाली पोहताना बेशुद्ध झालेल्यांच्या घटना अभ्यासून हीच साखळी मांडली. कमरेइतक्या पाण्यातही माणूस असा बुडू शकतो.

१४. लोणावळ्यात हा अभ्यास पुढेही चालू राहिला. जमिनीत पुरून घेऊन ‘भूगर्भ समाधी’ लावणाऱ्यांविषयी त्या काळी मोठे कुतूहल होते. १९६० च्या दशकात करंबेळकर, विनेकर आणि भोळे या कैवल्यधामच्या संशोधकांनी हवाबंद खड्डा तयार करून त्यात माणसे ठेवली आणि आतील हवेत होणारे बदल मोजले. हा अभ्यास १९६८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोक ज्याला चमत्कार म्हणत, त्यालाही तराजूत घालण्याची ही वृत्ती कुवलयानंदांचीच. ते स्वतः १९६६ मध्ये निवर्तले होते.

१५. पुणे शहरातही श्वासाच्या अभ्यासाचा एक धागा आहे. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार हे तरुण शिक्षक सहा महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यास आले आणि पुण्याचेच झाले. १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली आणि १९८१ मध्ये त्यांचा प्राणायामावरील इंग्रजी ग्रंथ आला. त्यांचा आग्रह असा, की आसने स्थिर झाल्याविना प्राणायामाला हात घालू नये आणि घाई तर मुळीच करू नये.

१६. ही सावधगिरी आधुनिक काळाने जोडलेली नाही. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायातच सांगितले आहे, की सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळवावा, तसाच श्वास वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे यांच्या वेदना होतात, असेही तेथे म्हटले आहे. कैवल्यधामने १९७० मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. परंपरेचा पाठ तपासणे आणि परंपरेचा दावा तपासणे, ही दोन्ही कामे त्या एकाच आवारात झाली.

१७. मग फ्रीडायव्हिंगला योगाने काय दिले? बरेच काही. फ्रान्सचा जाक मायोल योगाभ्यासी होता. १९७६ मध्ये इटलीच्या एल्बा बेटाजवळ तो एका श्वासावर १०० मीटर खोल जाऊन आला. असे करणारा तो पहिला माणूस. आजही छातीचा पिंजरा आणि श्वासपटल लवचिक व्हावे म्हणून फ्रीडायव्हर उड्डियान बंधाचा सराव करतात. ज्या क्रियेपासून कुवलयानंदांनी आपल्या प्रयोगांना आरंभ केला, ती आज जगभरच्या खेळाडूंच्या दिनक्रमात आहे.

१८. प्रत्यक्ष तयारीत दोन प्रकारची कोष्टके वापरतात. एकात श्वास रोखण्याचा काळ तोच ठेवून मधली विश्रांती कमी करत नेतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची तगमग सोसण्याची सवय होते. दुसऱ्यात विश्रांती तीच ठेवून रोखण्याचा काळ वाढवतात. शरीर त्यातून कमी ऑक्सिजनशी जुळवून घेते. पूरक, कुंभक आणि रेचक यांची मात्रा मोजून क्रमाने वाढवण्याची हठयोगाची रीत यांतील दुसऱ्या कोष्टकाच्या जवळची आहे. दोन्हींत हवा कोंबण्याला स्थान नाही. अस्वस्थतेत शांत राहणे, हेच शिकायचे असते.

१९. शांत राहण्याचे महत्त्व हिशेबाचे आहे. स्नायू ताठरले, मन घाबरले, की ऑक्सिजन अधिक जळतो. उलट चेहरा थंड पाण्यात बुडाला आणि श्वास रोखला, की हृदयाची गती आपोआप मंदावते. सील आणि बदक यांच्यात प्रकर्षाने दिसणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया माणसातही आहे. साठा वाढवता येत नसेल, तर खर्च कमी करायचा, हे या खेळाचे अर्थशास्त्र.

२०. स्पर्धेचे नियमही याच समजुतीवर उभे आहेत. पाण्याबाहेर आल्यावर १५ सेकंदांत खेळाडूने चेहऱ्यावरील साधने काढायची, हाताने खूण करायची आणि आपण ठीक असल्याचे बोलून सांगायचे. हा क्रम चुकला, तर लाल कार्ड. शुद्ध हरपली तरी लाल कार्ड, मग वेळ कितीही मोठी असो. भानावर राहून परत येणे हा कामगिरीचाच भाग आहे.

२१. तरीही हा खेळ कोणालाच सूट देत नाही. वर जिचा उल्लेख आला ती नतालिया मोलचानोवा, या खेळातील बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू, २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ स्पर्धेबाहेरच्या एका साध्या बुडीत नाहीशी झाली. ती पुन्हा सापडली नाही. म्हणून या खेळाचा पहिला नियम जगभर एकच : एकट्याने कधीही नाही. एक जण पाण्याखाली असेल, तेव्हा दुसऱ्या जाणकाराची नजर त्याच्यावर हवी.

२२. टिळक तलावावर किंवा बालेवाडीच्या क्रीडासंकुलात कोणी ही तयारी सुरू करील, तेव्हा त्याला प्राणायामाचा वारसा जरूर सांगावा. फक्त तो पुरता सांगावा. भस्त्रिका-कपालभाती जमिनीवर, योग्य मार्गदर्शनाखाली. पाण्यात उतरण्यापूर्वी जलद श्वसन अजिबात नाही. ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ’ ही मित्रांमधली पैज तर कधीच नाही.

२३. योगाला विज्ञानाचा आधार आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या आधारासाठी पहिले कष्ट घेणाऱ्यांना काय सापडले, हेही वाचले पाहिजे. कुवलयानंदांना ऑक्सिजनचा साठा सापडला नाही. त्यांनी ते तसेच छापले आणि प्राणायामाचे मोल अन्यत्र शोधत राहिले. पुढे कोणी ‘भरपूर प्राणवायू साठव’ असा सल्ला दिला, तर हा धागा त्याच्यापर्यंत पोहोचवा, विशेषतः तो पोहायला जाणारा असेल तर.