माघारीचा कागद

तहसील कचेरीच्या फाटकासमोर एक जुनं कडुनिंबाचं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते गेलं. त्या झाडाखाली आधी आमच्या आण्णांनी आणि नंतर मी मिळून पन्नासेक वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. वारसाच्या नोंदी, पीककर्ज, रेशनकार्ड, बांधाची भांडणं, सगळं काही. पण झाडाखाली खरी गर्दी व्हायची ती पंचायतीच्या इलेक्शनला. फॉर्म भरायच्या आठवड्यात जेवायला उसंत मिळायची नाही.

इलेक्शन म्हटलं की लोकांना प्रचार, मतदान आणि गुलाल आठवतो. मला आठवतात त्याच्या आधीचे पंधरा दिवस. फॉर्म भरणं, छाननी, माघार, चिन्हवाटप. गावात कोण उभा राहणार आणि कोण नाही, हे त्या पंधरा दिवसांत ठरतं. पुष्कळ गावांत तर मतदानाची पाळीच येत नाही.

आण्णांनी पहिले फॉर्म भरले ते ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा नवा होता तेव्हा. पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आण्णा सांगायचे, त्या काळी फॉर्म भरायला माणूस एकटा येतच नसे. आधी देवळात बैठक व्हायची. मोठ्या वाड्यातली माणसं नावं काढायची. मग एका बैलगाडीतून सगळे उमेदवार कचेरीत. जितक्या जागा, तितकेच फॉर्म. सरपंच तेव्हा निवडून आलेल्या मेंबरांतून व्हायचा, म्हणजे तोही देवळातच ठरलेला. "कागद आपण लिव्हतो, पर नावं आधीच लिव्हलेली असत्यात," असं आण्णा म्हणायचे.

फॉर्म तसा साधा होता. उमेदवाराचं नाव, वय, मतदार यादीतला क्रमांक, वॉर्ड, जागा राखीव असेल तर जातीचा दाखला, अनामत भरल्याची पावती. वय एकवीस पूर्ण पाहिजे. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको. ही शेवटची अट वाचायला सोपी वाटते. पण ज्याला अडवायचं असेल त्याला नेमक्या त्याच दिवशी दाखला देणारा माणूस सापडायचा नाही. कचेरीत, घरी, शेतात, कुठंच नाही. तीन वाजून गेले की मग चहाच्या हॉटेलात बसलेला दिसायचा. फॉर्म तीन वाजेपर्यंतच घेतात, हे साऱ्या गावाला पाठ होतं.

मग त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली आणि पुढच्या वर्षी राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. दलित-आदिवासींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि त्यातही बायांचा वाटा. महाराष्ट्रात बायांच्या जागा १९९० पासूनच होत्या, पण आता घटनेचाच आधार मिळाला. आमच्या गावात त्या दुरुस्तीनंतरची पहिली निवडणूक लागली, तेव्हा एक वॉर्ड अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव झाला.

देवळातल्या बैठकीनं नाव काढलं. वाड्यावर सालगडी असलेल्या एका माणसाची बायको. तिचा फॉर्म मीच भरला. ती बिचारी पूर्णवेळ झाडाच्या बुंध्याकडं तोंड करून बसली होती.

शेवटच्या दिवशी दोनच्या सुमारास वस्तीतली दुसरी एक बाई आली. रोजगार हमीच्या कामावर जाणारी, चाळिशीची. मी तिला मावशी म्हणायचो. पदराच्या गाठीतून तिनं चुरगळलेल्या नोटा काढल्या, जातीचा दाखला काढला, पट्टी भरल्याची पावतीही काढली. ती तिनं दोन महिने आधीच भरून ठेवली होती.

"लिव्ह भाऊ. वस्तीत पानी न्हाई. मी बोलंन तितं जाऊन."

मी लिहिलं. अंगठा घेतला. पावणेतीनला फॉर्म साहेबांच्या टेबलावर गेला. दुसऱ्या दिवशी छाननीतही टिकला. एका जागेला दोन फॉर्म. गावात कुजबूज सुरू झाली.

माघारीच्या दिवशी सकाळी वाड्यावरची दोन माणसं माझ्याकडं आली. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, उलट गोडच बोलले. गावाचं बिनविरोध होतंय, पेपरात नाव येईल, एका बाईपायी कशाला इस्कोट. मग म्हणाले, आण्णांच्या वेळेपासनं तुमचं आमचं हाय. या झाडाखाली बसायचं तर सगळ्यांचं ऐकावं लागतं, एवढं बोलून गप्प झाले. दुपारी ते मावशीला घेऊन आले. तिच्या नवऱ्याला त्यांनी आधीच गाठलं होतं. तो लांब उभा होता, मान खाली घालून.

माघारीचा अर्ज दोन ओळींचा असतो. मी तो लिहिला. मावशीनं विचारलं, "ह्यो कशाचा कागद रं भाऊ?"

माघार घेतली की अनामत परत मिळते, हे खरंच आहे. मी तेवढंच सांगितलं. म्हणालो, "अनामत परत मिळायचा कागद हाय, मावशी."

तिनं अंगठा लावला. आत साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं का? तिला वाटलं पैसे परत घेण्याबद्दल विचारतायत. ती हो म्हणाली. मी दारात उभा होतो. त्या घटकेलासुद्धा मला बोलता आलं असतं.

संध्याकाळी गुलाल उडाला. गाव बिनविरोध झालं. पेपरात चार ओळी आल्या, गावाची एकी म्हणून. वस्तीत पाण्याचा नळ यायला पुढं बरीच वर्षं लागली.

मावशी त्यानंतर माझ्याशी भांडली नाही. रस्त्यात दिसली की बोलायची, पण अर्ज लिहायला माझ्याकडं कधी आली नाही. श्रावणबाळ योजनेच्या फॉर्मसाठी ती पार दुसऱ्या तालुक्याच्या गावी गेल्याचं मला कळलं होतं.

दरम्यान फॉर्म जाड होत गेला. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेला माणूस बाद, असा नियम आला. मग गावात जन्माच्या तारखा कुजबुजत सांगायची पद्धत पडली. राखीव जागेला जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणीही लागली. घरात संडास आहे आणि तो वापरतो, हे लिहून द्यावं लागलं. गुन्हे आणि मालमत्ता यांचं शपथपत्र आलं. २०११ पासून बायांच्या जागा निम्म्या झाल्या. सरपंच थेट लोकांतून निवडायचा कायदा २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. यातली एकेक अट वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक अटीला एक कागद लागतो आणि कागदाला एक खेटा लागतो. ज्याच्या दारात गाडी आहे त्याला खेट्याचं काही वाटत नाही. ज्याचा खाडा पडतो त्याला वाटतं.

मग फॉर्म कॉम्प्युटरवर गेला. आयोगाच्या वेबसाइटवर भरायचा, प्रिंट काढायची, सही करून साहेबांकडं द्यायची. माझा टाइपरायटर माळ्यावर गेला. मुलानं कचेरीसमोरच सेवा केंद्र टाकलं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली. फॉर्म २३ ते ३० तारखेपर्यंत, त्यात २५, २६, २७ सुट्टी. मुलाच्या दुकानात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माणसं बसलेली आणि सर्व्हर गोल गोल फिरतोय. २९ तारखेला त्या गर्दीत मावशीची धाकटी सून उभी होती. वॉर्ड पुन्हा राखीव निघाला होता. १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट होती, ही बारावी झालेली. पडताळणीच्या अर्जाची पोच तिच्याकडं होती. सगळं होतं, फक्त साइट चालत नव्हती.

शेवटी आयोगानं ३० तारखेला हातानं लिहिलेले फॉर्मही चालतील असं जाहीर केलं. वेळही साडेपाचपर्यंत वाढवली. मुलाला हातानं फॉर्म भरायची सवय नव्हती. त्यानं मला घरून बोलावलं. दुकानाबाहेर बाकडं टाकून मी पुन्हा पेन हातात घेतलं.

सुनेबरोबर मावशीही आली होती. फॉर्म लिहून झाल्यावर मी तो सुनेपुढं सही करायला सरकवला. मावशीनं तिचा हात धरला.

"आधी वाच. मोठ्यानं वाच, मलाबी ऐकू दे."

तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पोरगी वाचत होती आणि मी खाली बघत होतो. मग सही झाली. जाताना मी म्हणालो, "मावशी, त्या येळी माझं चुकलं."

ती म्हणाली, "ठावं हाय मला. नळावर घागर लावली की याद येती."

४ जानेवारीला, माघारीच्या दिवशी, वाड्यावरची माणसं वस्तीत गेली. आता तिसरी पिढी होती, बोलणं मात्र तेच. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं पदांचा जाहीर लिलाव झाला म्हणून आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. आमच्याकडं लिलाव नव्हता, नुसती समजूत काढणं होतं. सून म्हणाली, कागद आणा, वाचून बघते. त्यांनी आणला. तिनं वाचला, घडी घातली आणि परत दिला.

तीन वाजून गेल्यावर तिला चिन्ह मिळालं, कपबशी. १५ तारखेला मतदान झालं. १८ तारखेला निकाल लागला, त्यात ती थोडक्या मतांनी पडली. पण आमच्या गावात त्या जागेसाठी मतं मोजावी लागली ती पहिल्यांदाच.