तळटीप : थायरॉइडची मंदता आणि पित्तखडे

पित्तखड्यांचे खापर मूळ लेखकाने केवळ तुपकट आहारावर फोडले आहे, ते अपुरे वाटते. थायरॉइड ग्रंथी मंदावली, की यकृताकडून होणारा रक्तातील कोलेस्टेरॉलचा निचरा घटतो आणि पित्तातही ते विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन त्याचे स्फटिक बनू शकतात. शिवाय पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला, इटालियन संशोधक रुग्गेरो ओड्डी यांनी १८८७ मध्ये वर्णिलेला वर्तुळाकार स्नायू थायरॉक्सिन या संप्रेरकामुळे सैलावतो, आणि ते कमी पडल्यास तो पुरेसा न सैलावल्याने पित्त तुंबू शकते. फिनलंडमधील टाम्पेरे येथील संशोधकांना मुख्य पित्तनलिकेत खडे असलेल्या रुग्णांमध्ये थायरॉइडची सुप्त मंदता, म्हणजे ठळक लक्षणांवाचून केवळ रक्ततपासणीत उघड होणारी कमतरता, इतरांपेक्षा अधिक आढळली. आधीच झालेले खडे थायरॉइडच्या गोळ्यांनी विरघळतात, असा अर्थ मात्र यातून निघत नाही.